ओला गुळव्या

गुळव्या कोरडा असला की गूळ करपतो, ही थाप माझी. त्या साली दौंडापासून वर शिरूरच्या शिवेपर्यंत जेवढी गुऱ्हाळं पेटली, त्यांतल्या निम्म्या गुळव्यांनी पौषाच्या थंडीत कमरेखाली पाणी ओतून घेतलं आणि शिंकून शिंकून नाकाचे शेंडे लाल करून घेतले, ते माझ्यामुळं. तशा मी जन्मात हजार थापा मारल्या. वढूच्या वाटेवर मला वाघ भेटला आणि त्यानं विडी मागितली, तीही माझीच. पण तिच्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. वाघाचंसुद्धा नाही. या एका थापेची मात्र अजून लाज वाटते.

रांजणगावात कंपन्या येऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. केंदूरकडची तरणी पोरं गळ्यात पट्टा घालून कंपनीच्या बसमध्ये चढायची. गेणबा मात्र दर दिवाळी सरली की बायकोला घेऊन केंदूरहून आमच्या बाजूला, भीमेकाठी मारुतरावाच्या गुऱ्हाळावर यायचा. तो गुळव्या, म्हणजे काहिलीच्या, रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, काठावर उभं राहून रसाचा गूळ करणारा. बायको सिंधूबाई खाली चुलवणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारायची. तो वरनं "हं" म्हणाला की ती जाळ ओढायची, "हं हं" म्हणाला की वाढवायची. सतरा हंगाम नवरा-बायकोचं कामातलं बोलणं मी एवढंच ऐकलं. मी तिथं भेंडीची ताटं कुटायचो. त्यांचा चिकट रस काहिलीत घातला की मळी वर येते. म्हातारपणी तेवढंच काम झेपायचं. ते आणि गप्पा.

गेणबाच्या हाताचा गूळ कसा होता म्हणाल, तर एकदा त्याची एक ढेप भीमेत पडली आणि खालच्या अंगाच्या बाया तीन दिवस नुसती चहापूड टाकून गोड चहा पीत होत्या.

त्या साली श्रावणात तो घराच्या पत्र्यावरनं पडला. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायला चढला होता. पाय सटकला आणि अंगणातल्या पाट्याच्या काठावर नेमका माकडहाडावर बसला. दोन महिने आडवा होता. दिवाळीनंतर आला तो डावा पाय जरा ओढत.

"काय रं गेणबा, बरा झालास का?"

"झ्याक हाय, आप्पा. पाय तेवढा वढतो."

झ्याक काही नव्हतं. काहिलीवरचा माणूस दिवसाला कळशीभर पाणी पितो, नाहीतर त्याचीच काकवी होईल. गेणबा पाण्याला शिवेना. तांब्या पुढं केला की नुसते ओठ ओले करून परत. चहा आला की "पित्त झालंय." पूर्वी तो बंडी-चड्डीवर उभा राहायचा. त्या साली दुहेरी धोतर, खाली चड्डी आणि चड्डीच्या आत आणखी काहीतरी. चालला की खसखस आवाज यायचा. आवाज आला की तो खाकरायचा. आठ दिवस मी ते खाकरणं ऐकलं आणि मग ओळखलं, की आत खताच्या पिशवीचा कागद आहे.

बसायला आधी पोतं अंथरायचा. उठायला सगळ्यांच्या मागनं. सिंधूबाई पहाटे सगळ्या बाया पाटावर यायच्या आधी, दोन शेतं ओलांडून खालच्या मोरीवर धुणं न्यायची. धुणं म्हणजे फडकीच फडकी. ती कधी दोरीवर दिसली नाहीत. चुलवणाच्या मागं, चिपाडांच्या गंजीच्या आड वाळायची.

मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. तरी दोघं पावसापाण्याचं बोलायचो.

मार्गशीर्षातली गोष्ट. काहील ऐन उकळीला आलेली. रस वर चढला तशी गेणबानं लांब दांड्याचं फावडं दोन्ही हातांनी उचललं, कमरेला जोर दिला, आणि त्याच्या पायाशी कोरड्या फरशीवर थेंब पडला. मग दुसरा. मग धोतराच्या काठावरनं सरळ धार. त्याचं तोंड काहिलीकडं होतं. त्याला पत्ताच नाही. खालचं त्याला काही समजतच नव्हतं, हे मला मागनं कळलं.

चरकात ऊस घालणारा नवनाथ मोळी टाकून नेमका तेव्हाच आत आला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला गुळव्या व्हायची घाई होती.

"नाना," तो म्हणाला, "ह्ये धोतार कशानं भिजलं वं?"

गेणबानं खाली पाहिलं. काहिलीच्या धगीनं लाल झालेलं त्याचं तोंड राखेसारखं झालं. फावडं हातात तसंच राहिलं. दारात मारुतराव, त्याच्याबरोबर दोन पाहुणे. सगळे बघायला लागले.

माझ्या तोंडानं आजवर कधी माझी परवानगी घेतली नाही.

"मूर्खा," मी ओरडलो, "आजून निम्माच भिजलाय, बघत काय ऱ्हायलास? पानी आन!" आणि शेजारची बादली उचलून गेणबाच्या कमरेवर ओतली. "गुळव्या कोरडा ऱ्हायला की त्याच्या अंगाची धग काहिलीला लागती. मग गूळ करपतो. केंदूरच्या जुन्या गुळव्यांची रीत हाय ही. दर उकळीला कमरंखाली पानी. गेल्या सालापस्तोर नाना लाजत व्हता सांगायला."

"आसं व्हय?" पाहुणा म्हणाला.

"मग! त्याच्या आज्जाला तर गुऱ्हाळाचा मालक हौदातच उभा करायचा."

गेणबा मान खाली घालून फावडं फिरवायला लागला. आणि बघा दैवाची करणी, त्या दिवशीचा गूळ असा उतरला की नवं सोनं. ढेप फोडली तर आतला रवा मोजून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी नवनाथानं आपणहून बादली भरून ठेवली.

आठवडाभर बरं चाललं. गेणबाचं खाकरणं थांबलं. पण पंधरा दिवसांत नदीच्या दोन्ही काठांवरनं माणसं बघायला यायला लागली. नवनाथानं रीतीला शिस्त लावली: आधी नारळ, मग तीन तांबे, मग बादली. मागच्या गुऱ्हाळांवर गुळवे ओले, पुढच्या गुऱ्हाळांवर ओले. एका ठिकाणी गूळ बिघडला तर मालक गुळव्याला म्हणाला, "तू नीट भिजला न्हाईस." आमच्यात एखाद्या गोष्टीला रीत म्हटलं की मग तिला कुणी का म्हणून विचारत नाही.

आता गेणबाला कोरडं व्हायची चोरी झाली.

"आप्पा," तो एकदा दुपारी म्हणाला. आम्ही दोघंच होतो. "तुमी मला झाकाया गेला आन् देवळाच्या कळसावर बशिवला."

"मग काय करायचं व्हतं? खरं सांगायचं व्हतं?"

"न्हाई," तो घाईनं म्हणाला. "खरं नगं." मग फरशीकडं बघत म्हणाला, "मला कळतच न्हाई, आप्पा. लागल्यालं कळत न्हाई, झाल्यालं कळत न्हाई. वल्लं गार पडल्यावं कळतं, त्येबी मांडीला. ल्हान पोरालाबी झाल्यालं कळतं. रडतं तरी."

मी वाघाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पौष लागला आणि गेणबाला ताप भरला. हुडहुडी, पोट नगाऱ्यासारखं. सिंधूबाईनं मला हाताला धरून बाजूला नेलं. "आप्पा, पोटात गोळा आलाय, आन् वरनं गळतंयच. ह्ये कसं?" मारुतरावाला आम्ही हिवताप सांगितला आणि एसटीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. गेणबा वाटभर उभा होता. गाडी निम्मी रिकामी, तरी उभा. कंडक्टर म्हणाला, "बसा की मामा." तो म्हणाला, "न्हाई, उतरायचंय." चोवीस किलोमीटर उतरायचंय.

डॉक्टरांनी पाय तपासले, बसायच्या जागी सुई टोचून विचारलं, कळतंय का. कळत नव्हतं. मग त्यांनी नर्सला बोलावलं. करुणा सिस्टर, तिशीची, उभ्या बांध्याची. तिनं पडदा ओढला आणि एक रबरी नळी घालून लघवी काढली. मी पडद्याबाहेर होतो. भांडं भरल्याचा आवाज आला, दुसरं मागवलं.

मग तिनं तिघांनाही समोर बसवलं.

"मामा, मणक्यातली शीर चेपलीय. पिशवी भरली हा निरोप त्या शिरेतनंच वर जातो. तो जात नाही, म्हणून पिशवी तुंबते आणि वरचं वर सांडतं. तुम्हाला वाटतं लघवी फार होतेय. खरं तर होतच नाही. आणि वरनं पाणी प्यायचं सोडलंत, म्हणून ताप आला."

"औषिद द्या," गेणबा भिंतीला म्हणाला.

"तापाला देते. शीर काही लगेच जाग्यावर यायची नाही, येईल का तेही सांगता येत नाही. तोवर ही नळी. दर चार तासांनी स्वतः घालायची, पिशवी रिकामी करायची. साबणानं हात धुवायचे, नळी धुऊन उकळायची. शिकवते. अवघड नाही."

"मी? माझ्या हातानं?"

"मग काय सरपंच येणार?"

सिंधूबाई हसली. त्या हंगामात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. गेणबा हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मामा," सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "लाजायचं तर लाजा, पण नळी घालून लाजा. असंच तुंबत राहिलं तर मूत्रपिंडं जातील. मग काहील नाही आणि काही नाही."

तो शिकला. दोन दिवस तिथं राहून शिकला. सिस्टरनं दोन नळ्या दिल्या. त्या त्यानं साबणाच्या लाल डबीत घातल्या, डबी फडक्यात, फडकं पिशवीत आणि पिशवी खोपीत पत्र्याच्या पेटीत. गुऱ्हाळावर आल्यावर ती पेटी उघडलीच नाही.

"दिसातनं सा येळा कुठं जाऊ?" तो बायकोवर चिडला. "फडात तोडकरी, पाटावर बाया, खोपीला दार न्हाई. नवनाथानं बघितलं म्हंजी? हातात साबन आन् नळी? गुळव्या म्हनून ऱ्हाईन का मी?"

"आन् मेल्यावं ऱ्हाल का?" सिंधूबाई म्हणाली. तिनं चिपाडाचा भारा इतक्या जोरात सारला की चुलवणातनं ठिणग्या उडाल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मारुतरावानं शिवारातली माणसं गुऱ्हाळावर बोलावली होती. संक्रांतीच्या तिळात नवा गूळ पडावा म्हणून दर साली बोलवायचा. उन्हं वर आली तसे लोक जमले. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. नदीच्या वरच्या अंगाची अनसाबाईही आली. नवरा वारल्यावर गुऱ्हाळ तिनं एकटीनं चालवलं होतं. त्या साली तिचा गूळ सारखा चिकट राहायचा, ढेप बसत नव्हती. बाई डोळ्यांत तेल घालून सगळं बघत होती.

काहील उकळली. नवनाथानं नारळ फोडला, तीन तांबे घातले, वर बादली रिकामी केली. गेणबा थरथरला. ताप अजून पुरता निघाला नव्हता. त्याच्या धोतरातनं पाणी निथळून फरशीवर आलं, फरशीवरनं पन्हळीत आणि पन्हळीतनं बाहेर.

तिथं अनसाबाई वाकून बसली होती. हातात घासून लख्ख केलेला तांब्याचा तांब्या, त्यावर आंब्याची पानं. ती पन्हळीखाली तांब्या धरून ते पाणी भरून घेत होती.

"ह्ये कशाला, अनसाबाई?" मी विचारलं.

"आप्पा, तुमीच त्या दिशी म्हनला न्हवं, गेणूभाऊच्या अंगाच्या पान्यात गून हाय? घरी न्हेऊन काहिलीत चार थेंब टाकीन. उद्याच्या तिळात माझाबी गूळ पडू द्या."

म्हणालो असेन. काय काय म्हणालो ते मला तरी कुठं आठवतं. पण त्या वेळी भेंडीचा चिकट हात तसाच धरून मी बसून राहिलो. एक शब्द सुचेना. म्हणजे खरा शब्द सुचेना. खोटे दहा तयार होते.

गेणबानं वरनं बघितलं. आधी तांब्या, मग तिचं तोंड. मग त्यानं फावडं काहिलीच्या काठाला टेकवलं, पाय ओढत खाली उतरला आणि हातानं तांब्या उडवला. तांब्या घरंगळत चरकापर्यंत गेला. आंब्याची पानं चिखलात.

अनसाबाई उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"गेणूभाऊ, म्या रांडमुंड बाईनं चार थेंब न्हेलं तर तुमचा गून आटंल व्हय?"

"गून न्हाई त्यात," गेणबा म्हणाला. "मूत हाय."

कुणाला कळलं नाही.

"माझं मूत हाय त्यात, अनसाबाई. पत्र्यावरनं पडल्यापासनं मला धरवत न्हाई. हितंच गळतंय, रोज. त्ये दिसू ने म्हनून पानी. रीत न्हाई, बीत न्हाई. माझ्या आज्जानं कवा गूळ केलाच न्हाई. त्यो मेंढरं राखायचा."

चरकाचा पट्टा तेवढा फिरत होता. एक पाहुणा हातातल्या गुळाच्या खड्याकडं बघत राहिला, मग त्यानं तो हळूच पायाशी सोडला. मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. नवनाथ नव्हता तो. नवनाथ रिकामी बादली पोटाशी धरून उभा होता. मारुतराव म्हणाला, "आरं गेणबा... आरं, आता हा गूळ कोन घील?" आणि दोन्ही हात खिशात घातले.

मी उठलो. "थाप माझी हाय," म्हणालो. कुणी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. थापाड्यानं खरं बोललं तरी ती आणखी एक थापच.

गेणबा दारातल्या सगळ्यांच्या मधनं बाहेर गेला. माणसं बाजूला सरली, अंगाला अंग लागू नये तशी. ऊन लख्ख पडलं होतं. भिजलेलं धोतर, ओढता पाय, आणि आतल्या कागदाची ती खसखस. या वेळी तो खाकरला नाही. खोपीत गेला. पेटीचं झाकण वाजलं. लाल डबी, साबण आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन, सगळ्यांदेखत, तो चिपाडांच्या गंजीमागं गेला.

इकडं काहिलीत बुडबुडे मोठे व्हायला लागले. पाक भरत आला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळी काहील काळी पडली असती. कुणी हलेना.

चुलवणाच्या तोंडाशी सिंधूबाई उठली. जाळव्यानं, म्हणजे जाळ सारणाऱ्यानं, काहिलीच्या कट्ट्यावर चढायचं नसतं. तीही रीतच, आणि ती मात्र माझी नव्हे. तिनं हौदावर हात कोपरापर्यंत धुतले, पदर खोचला आणि वर चढली. फावडं घेतलं. खाली वाकून नवनाथाला म्हणाली, "हं." त्यानं बादली टाकली, धावत जाऊन चुलवणातला जाळ ओढला.

तिनं बोटं गार पाण्यात बुडवली, उकळत्या पाकाचा चिमटा उचलला, पाण्यात टाकला, गोळी वळली. काहिलीच्या काठावर मारली. टण्ण.

"उतरा," ती म्हणाली.

बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले. मग एक पुढं आला, त्याच्यामागं तिघं. कड्यांत दांडके घातले, काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. पिवळाधमक गूळ वाफ्यात पसरला. वास सुटला. रीतीप्रमाणं पहिला गरम गूळ उसाच्या कांडीवर घेऊन जमलेल्यांना द्यायचा असतो. सिंधूबाईनं कांडी बुडवली, फिरवली आणि पुढं धरली.

हात पुढं येईना. काही जण पायताणं शोधत होते. मारुतरावाचे हात खिशातच.

ती तशीच उभी राहिली. कांडीवरचा गूळ ओघळून तिच्या मनगटावर आला. भाजला असणार. तिनं हात हलवला नाही.

अनसाबाईनं चिखलातला आपला तांब्या उचलला, पदरानं पुसला, काखेत धरला आणि पुढं आली.

"आन हिकडं."

"वैनी, बगा बरं," सिंधूबाई म्हणाली.

"काय बगायचं? समद्या गावानं मला मूत न्हेऊ दिलं आसतं. त्यो एकटा आडवा आला." तिनं कांडी तोंडात घातली. हूं हूं करत जीभ फिरवली. "लई ग्वाड हाय गं. आन् सिंधू, माझा गूळ चिकाट का ऱ्हातो, त्ये येऊन बग येकदा."

दुसरा हात नवनाथाचा आला. तिसरा माझा. चौथा आला नाही. बाकीची माणसं गेली, आणि त्यांतली बरीचशी गेणबाच्या गुळाला पुन्हा आली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या साली नवरा-बायको अनसाबाईच्या गुऱ्हाळावर गेली. तिथं तिनं चार पत्र्यांचा आडोसा करून दिला, आत एक खुंटी, खुंटीला साबणाची जाळी.

पण ते पुढचं. त्या दिवशी गेणबा गंजीमागनं आला तेव्हा गुऱ्हाळात आम्ही चौघंच होतो. त्यानं वाफ्यातल्या गुळाकडं पाहिलं, कट्ट्यावर उभ्या बायकोकडं पाहिलं, तिच्या भाजलेल्या मनगटाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. कोरडी चड्डी घातली होती.

"पानी दे," तो म्हणाला.

सिंधूबाईनं तांब्या भरून दिला. त्यानं ओठ ओले करून परत केला नाही. मान वर करून तो प्यायला, गळ्याची घाटी वरखाली होत, छातीवर सांडत. दुसरा मागितला. तिसरा. दिवाळीपासनंची सगळी तहान. इतका प्यायला, इतका प्यायला, की त्या दिवशी भीमेचं पाणी काठाला दोन बोटं उतरलं.

तेवढं शेवटचं सोडा. बाकीचं खरं आहे.